हेदमाळाची उंची

हेदमाळावर चार माणसे होती, चार चुली, दोन हंडे पाणी, एक उष्णतामापक आणि एक तंबू. तंबूचे खांब नव्हते. ते कर्जतच्या कचेरीत भिंतीला टेकून उभे होते, आणि पट्टेवाला भिवाजी शपथेवर सांगत होता, की आपण निघालो तेव्हाही ते तसेच नीट उभे होते.

"मग उचलले का नाहीस?" शिरस्तेदार धोंडोपंत करमरकरांनी विचारले.

"तुमी म्हनलात तंबू घे. खांब घे आसं कुटं म्हनलात, रावसाहेब?"

सामान वाहून आणणारा ठाकूर जमातीचा पोशा म्हणाला, "चार बांबू तोडू काय?"

"खबरदार! राखीव जंगल आहे हे. कोयता लागला तर दंडाचा कागद मलाच लिहावा लागेल."

मग तंबू जमिनीवर अंथरून सगळे त्यावर बसले.

मोरेश्वर गुप्ते याला खांबांचे फारसे दुःख नव्हते. मुंबईहून शास्त्र विषय घेऊन पदवीधर झालेला हा तरुण कचेरीत कच्च्या नेमणुकीवर होता. कचेरीच्या साहेबांना उन्हाळ्यात मुक्कामासाठी थंड जागा हवी होती. दोन हजार फुटांखालचा डोंगर त्यांच्या दृष्टीने डोंगरच नव्हता. मोरेश्वराने एक रात्र माळावर राहावे, माळाची उंची काढावी आणि सोमवारी दुपारच्या गाडीने साहेब ठाण्याला निघण्यापूर्वी आकडा हाती द्यावा. दिला तर नेमणूक पक्की. नाही दिला तर खालापूरला मामांच्या भाताच्या वखारीत मापाऱ्याची जागा त्याच्यासाठी राखून ठेवलेलीच होती, आणि मामा दर पत्रात तिची आठवण करून देत.

उंची काढण्याची रीत सोपी होती. जितके वर जावे तितके पाणी कमी उष्णतेला उकळते. समुद्राकाठी फॅरनहाइटच्या दोनशे बारा अंशांवर, आणि वर पाचशे-सव्वापाचशे फुटांमागे एक अंश कमी. त्यासाठी पेटीत पितळेचे एक नळकांडे होते, त्याखाली ठेवायचा छोटा दिवा होता आणि दिव्यात घालायच्या स्पिरीटची शिशी होती.

शिशी रिकामी होती.

"ते होय?" धोंडोपंत गुडघे चोळत म्हणाले. "चढणीने गुडघे धरले होते. लावल्याबरोबर काय गार वाटलं म्हणून सांगू! अजून आहे का?"

मोरेश्वराने एकदा गुडघ्यांकडे पाहिले आणि नळकांडे सरळ आपल्या चुलीवर ठेवले. हेदाच्या झाडांची खाली पडलेली वाळकी लाकडे चांगली पेटली. थोड्याच वेळात नळकांड्याच्या सांध्याचा डाख वितळला, बूड सुटले, आणि आतल्या पाण्याने चूल विझवली.

"आता पातेल्यातच उकळू," तो शांतपणे म्हणाला. "पोशा, पाणी आण."

"कुठलं?"

"हंड्यातलं."

एका हंड्यातले पाणी चारही चुलींवर चढले होते. दुसऱ्या हंड्याने धोंडोपंतांनी नुकतीच अंघोळ केली होती. त्यांना एकादशीचा फराळ शिजवायचा होता, आणि अंघोळीशिवाय ते चुलीला हात लावत नसत.

"झऱ्यावर जाऊन आण मग."

"झरा आटला. पानी खाली वाडीला. आता अंधाराला कोन उतरंल? मोठं जनावर हाय. सकाळी उतरून परत चढंपत्तर सायबाची दुपारची गाडी निघून जाईल."

"पिण्याच्या तांब्यात?"

भिवाजीने मान खाली घातली. "कालवनाची चव घेतली जरा. लय तिखट झालंय, भाऊसाहेब."

मोरेश्वराच्या स्वतःच्या भातातले पाणी आटून भात खाली लागला होता. पोशाच्या मडक्यात कडू कंद होते, आणि त्या मडक्याला हात लावू द्यायला तो तयार नव्हता. उरले भिवाजीचे बोंबलाचे कालवण. मोरेश्वर उष्णतामापक घेऊन तिकडे वळला, तसे धोंडोपंत ओरडले, "थांबा गुप्ते! सरकारी कागदावर सही माझी जायची आहे. बोंबलात बुडवून डोंगर मोजला, असं मी लिहू?"

"मग कशात बुडवू?"

"माझ्या पातेल्यात. आधी माझ्या. काचेला विटाळ नाही. द्या इकडे ती कांडी, आणि तुम्ही लांबूनच वाचा."

धोंडोपंतांच्या पातेल्यात गुळाच्या पाकात रताळी शिजत होती. पाक चांगला दाटला होता आणि त्याला जाड बुडबुडे येत होते. मोरेश्वराने मान लांब करून वाचले. दोनशे सोळा अंश.

"रावसाहेब, हा पाक आहे. पाणी नव्हे."

"त्यात पाणी मीच घातलंय!"

मग बोंबलात बुडवून पाहिले. दोनशे साडेनऊ. भिवाजी जवळ सरकून म्हणाला, "भाऊसाहेब, त्या कांडीनं मीठ बी कळतं काय? मला जास्तच वाटतंय."

"जास्तच आहे," मोरेश्वर म्हणाला, आणि गणित करायला बसला.

गणित झाल्यावर धोंडोपंतांनी विचारले, "काय आलं?"

"बोंबलाने तेराशे सहा फूट. खरी उंची त्याहून जास्त असणार, किती ते सांगता येत नाही."

"आणि माझ्या रताळ्यांनी?"

"दोन हजार चौसष्ट."

"शाबास! मग अडलं कुठं?"

"उणे. माळ समुद्राच्या खाली आहे."

धोंडोपंतांनी कड्यावरून खाली पाहिले. दूरवर कर्जतचे दिवे लुकलुकत होते. "दोन हजारांवर आहे ना? झालं तर मग. लिहा."

"मी हे कसं लिहू? चूक आहे ती."

"मग बोंबील लिहा आणि वखारीत जा. त्या बोंबलावर मी सही करणार नाही."

मोरेश्वराने गणित पुन्हा एकदा तपासले. शेवटी म्हणाला, "लिहितो. पण आकड्याआधीची आडवी रेघ राहील. ती खोडायची नाही. आणि कशात मोजलं तेही लिहीन."

"राहू द्या हो. एवढ्याशा रेघेला कोण विचारतो?"

दुसऱ्या दिवशी साहेबांनी फलाटावर उभ्याउभ्याच कागद घेतला, आकडा पाहिला, "उत्तम" म्हणाले आणि पेन्सिलीने सही केली. गाडी सुटली. महिनाअखेर मोरेश्वराची नेमणूक पक्की झाली, आणि साहेबांचे उन्हाळी सामान हेदमाळावर चढवण्याचा हुकूम निघाला. या खेपेला खांब घ्यावेत, असे त्यात वेगळे नमूद केले होते. हुकुमाला मोरेश्वराचे टिपण जोडलेले होते.

हेदमाळ. द्रव : गुळाचा पाक, रताळ्यांसह. उकळण्याची उष्णता : २१६ अंश. समुद्रसपाटीपासून उंची : –२,०६४ फूट.