पुष्करला कुणी उतरवलं?

विद्यापीठात येऊन आठवडा झाला नव्हता, तोच पुष्कर वसतिगृहामागच्या उंच खडकावर अडकून बसला. "मर्द असशील तर चढ," असं मुलांनी म्हटलं आणि तो चढला. वर जाऊन खाली बघितलं मात्र, त्याला पाऊलच टाकवेना.

"उतर ना मियाँ!"

"नक्को! घसरायलंय!" पुष्करने दगडाला मिठी मारली.

पैज लावणारे मोबाईल काढून शूटिंग करू लागले. वर्गात हजेरीलाही हळूच 'येस' म्हणणाऱ्या मृण्मयीने चपला काढल्या आणि ती सरसर वर गेली. पुष्कर रडत होता.

"आधी रडून घे," ती म्हणाली. "मग डावा पाय माझ्या हातावर ठेव."

तिने त्याला पावलापावलाने खाली आणलं. अगदी शेवटी तिचाच पाय निसटला आणि पुष्करने तिचा हात धरला. मुलांनी तेवढाच तुकडा सगळीकडे पाठवला. संध्याकाळपर्यंत पुष्करने एका मुलीचा जीव वाचवला होता.

तो धावतच वॉर्डनबाईंकडे गेला. "मॅडम, मी अडकलो होतो. तिनं मला उतरवलं."

बाईंना गहिवरून आलं. "तिच्यावर ठपका येऊ नये म्हणून बोलतोयस ना? गुणी पोरगा!"

वर्गात सांगितलं, तर टाळ्या पडल्या. तो जितकं खरं बोलला तितका मोठा होत गेला.

तो तुकडा बघून दुसऱ्या दिवशी मृण्मयीचे आईबाबा पुण्याहून गाडी घेऊन आले.

"हॉस्टेल बंद. इथेच तारनाक्याला मावशीकडे राहायचं," तिचे बाबा किशोर म्हणाले. "कॉलेज सुटलं की थेट घरी."

"बाबा, मी त्याला..."

"एक शब्द नको!"

पुष्कर पुढे झाला. "काका, खरं सांगायलो. मी भ्यालो होतो. रडत होतो हो."

किशोरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मुलीसाठी स्वतःला भित्रा म्हणवून घेतोस? मेधा, बघ. याला हिंमत म्हणतात."

मृण्मयीला हसू फुटलं. हसता हसताच ती रडू लागली. पुष्करचेही डोळे भरले, तसे किशोर म्हणाले, "आणि मनानंही किती हळवा!"

मागच्या सीटवर बसल्यावर मेधाने लेकीचं खरचटलेलं पाऊल मांडीवर घेतलं आणि त्यातली खडी हलकेच काढली. किशोर बॅगा ठेवत होते.

"वरून काय दिसतं गं?" तिने अगदी हळू विचारलं.