बिनधुराच्या घरातला विस्तव

चैतराममामा कोणाच्याही घरी गेले की आधी माणसांकडे पाहत नसत, छताकडे पाहत. दारात चपला काढायच्या, सरळ रांधणखोलीत शिरायचं, टाचा उंचावून छताच्या लाकडावर बोट घासायचं आणि काजळीनं काळंभोर झालेलं ते बोट घरच्या बाईच्या नाकासमोर धरायचं. "लाकडावर इतकं हाये, मंग तुमच्या छातीत किती असन?" बाई बिचारी हातातली भाकर तशीच धरून उभी राही. मग मामांचा दुसरा प्रश्न ठरलेला, "धूर निंगते. पन जाते कुठी?"

उत्तरासाठी ते थांबत नसत. कोणी "बसा ना मामा" म्हटलं की "बसाले टाइम नाई" म्हणून पुढच्या घरी. गावानं त्यांचं नाव धूरवाले मामा ठेवलं होतं आणि पोट्टे त्यांना पाहून खोकल्याची नक्कल करत. मामा खुश होत. म्हणत, "पाहा, पोट्ट्याले समजलं."

माझ्या घरात ते असे पहिल्यांदा शिरले तेव्हा मी त्यांच्यावर फुंकणी उगारली होती. खोटं कशाला सांगू! पवनीकडून बदली होऊन मी या गावच्या शाळेत नुकतीच रुजू झाले होते. एकटी बाई, ओली लाकडं, पेटायचं नाव न घेणारी चूल, आणि त्यात हा धोतर-बंडीतला अनोळखी माणूस माझं छत तपासतोय. मामांनी माझ्या हातातली फुंकणी शांतपणे काढून घेतली, तिच्यातून एक डोळा मिटून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "हेच. हेच बंद करायचं हाये मले. मी शेजारचा." अशी आमची ओळख झाली.

ही ऐंशीच्या आसपासची गोष्ट. नाकाडोंगरीवरून बपेऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव. एकीकडे जंगल, दुसरीकडे मँगनीजच्या खाणी. गावातल्या बाया पहाटे जंगलात जायच्या आणि डोक्यावर मोळी घेऊन ऊन चढल्यावर परतायच्या. जंगल दरवर्षी थोडं थोडं मागे सरकत होतं, मोळीची वाट लांबत होती. ते सगळ्यांना दिसत होतं, पण बोलून दाखवणारे एकटे मामा. "जंगल चुलीत जाते, चुलीतून धूर होऊन आभायात जाते. आभाय का उकंडा हाये?" असं ते बैलबाजारात, लग्नाच्या पंगतीत, बसच्या टपावर, कुठेही विचारत. माणसं हसत. मलाही हसू येई. पण रात्री खोकून खोकून झोप उडाली की तो आभाळातला उकंडा, म्हणजे उकिरडा, आठवायचा.

नुसतं बोलणारा माणूस नव्हता हो. स्वतःच्या सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या वाडीत, त्यांनी गोबरगॅस बसवला होता. विहिरीसारखा खड्डा, त्यावर उलटी लोखंडी टाकी. मामा रोज सकाळी कोपरापर्यंत हात बुडवून शेण कालवत आणि स्वयंपाकघरात निळी ज्योत पेटे. गावात बातमी उठली की टाकी फुटून अख्खी गल्ली उडणार. पोळ्याचा नैवेद्य असल्या गॅसवर चालतो की नाही, यावर देवळात भांडण झालं. त्या चहाला शेणाचा वास येतो म्हणून कोणी तो पीत नसे. शेवटी मीच प्यायले. वास होता, पण शेणाचा नाही, आल्याचा.

हे सगळं मामांनी आभाळासाठी केलं, असं ते सांगत. मला विचाराल तर ते देवकाबाईसाठी होतं. देवकाबाई त्यांची बायको. मूलबाळ नव्हतं. धुरानं तिचे डोळे कायम लाल, आणि खोकला असा की भिंतीपलीकडे मला माझी कूस बदलावी लागे. गॅस आला तसे तिचे डोळे निवळले. मामा मला बोलावून बोलावून दाखवत, "पाहा बाई, डोये पाहा हिचे!" देवकाबाई लाजून पदर ओढून घेई.

पण एक गोष्ट मामांच्या ध्यानात आली नाही, आणि ती सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

आमच्याकडे सकाळी चूल पेटवायला उठसूट काडी ओढत नसत. रात्री राखेत निखारा झाकून ठेवायचा, सकाळी फुंकून फुलवायचा. ज्या घरचा विझला त्या घरची बाई गोवरीचा तुकडा घेऊन शेजारी विस्तव मागायला जाई. देवकाबाईचा निखारा कधी विझत नसे. त्यामुळे सकाळी तिच्या चुलीपुढे ही गर्दी! सगळ्यांना ती एकच म्हणे, "विस्तव मंग नेजो, पयले बस." गोवरी धुमसेपर्यंत कोणाची गाय व्यायली, कोणाची लेक माहेरी आली, कोणाची सासू कशी वागते, सगळं निघायचं. देवकाबाईच्या पोटी लेकरू नव्हतं, पण गावातल्या प्रत्येक लेकराचा दात कधी आला ते तिला ठाऊक होतं.

गॅस आला आणि निखारा गेला. तरी काही बाया सवयीनं गोवरी घेऊन येत. म्हणत, गॅसवरच पेटवून दे. तेव्हा मामा मध्ये पडायचे. "गोवरी घरात आनू नका! धूर होते!" एकदा झालं, दोनदा झालं. मग बाया यायच्या थांबल्या. देवकाबाई स्वच्छ डोळ्यांनी रिकाम्या दाराकडे पाहत बसे. मला एकदा म्हणाली, "बाई, घर लय उजेडाचं झालं. पन कोनी पाह्यले येत नाई."

मामांचं लक्ष त्या वेळी नागपूरकडे होतं. त्यांना कायदा हवा होता. प्रत्येक गावात गोबरगॅस किंवा बिनधुराची चूल, आणि चुलीसाठी जंगल तोडायला बंदी, असा कायदा. थंडीत नागपूरला अधिवेशन भरलं की मामा मोर्चा घेऊन जात. मोर्चात ते एकटेच. गळ्यात दोरीनं अडकवलेलं एक कवेलू, आमच्याच छतावरचं कौल, धुरानं डांबरासारखं काळं झालेलं. पोलिसानं विचारलं, "बाकीचे कुठं आहेत?" मामा म्हणाले, "घरी खोकून राहिले." पोलिसानं हसून त्यांना मोर्चांच्या रांगेत उभं केलं. एका वर्षी कोणीतरी साहेब बाहेर आला, कवेलू निरखलं आणि म्हणाला, "बाबा, कायद्याचं बोलता, आधी तुमच्या गावाचा ठराव तरी आणा."

झालं! मामा परतले ते ठरावाच्या ध्यासानं. गल्लीगल्लीत सामाईक गोबरगॅस, सगळ्या घरांचं शेण त्यात, आणि सरकारनं कायदा करावा अशी मागणी. "आपल्याच गावानं नाई म्हटलं त मी कोन्त्या तोंडानं जाऊ नागपूरले?" असं दारोदार विचारत फिरले. सभेला बाया आल्याच पाहिजेत हा त्यांचा हट्ट. "सयपाक तुमी करता का सरपंच करते?" बाया आल्या. भिंतीला टेकून बसल्या. देवकाबाईही त्यांच्यात बसली.

मामा छान बोलले. खाली बसणार तोच सखूबाई उठली. रस्त्यापलीकडे बौद्ध वस्ती सुरू व्हायची, तिथलं पहिलं घर तिचं. खाणीत मजुरीला जायची, बोलायला फटकळ. म्हणाली, "गॅस चांगला हाये मामा. मोयी वाहून मान मोडली आमची. पन मले सांगा, सारेच गॅसवाले झाले त विस्तव कोनाले मांगाचा?"

"माचिस घ्या!" मामा ओरडले. "विस्तवासाठी जंगल जाळता का?"

बायांत कुजबुज झाली. सरपंचानं हात वर करायला सांगितलं. पुरुषांचे थोडे हात वर गेले, बायांचा एकही नाही. मामांची नजर भिंतीपाशी गेली. देवकाबाईचे हात मांडीवर होते. खाली मान घालून ती बांगड्या फिरवत होती. ठराव पडला.

मामा तिच्यासाठी न थांबता एकटेच घरी गेले. मी दुसऱ्या दिवशी न राहवून विचारलं, "मामा, रागावलात?" ते शेण कालवत होते. म्हणाले, "हिच्यासाठीच त..." आणि पुन्हा शेणात हात बुडवले. बाप्पा, तो चेहरा! ओळखू येत नव्हता.

त्याच पावसाळ्यात देवकाबाई गेली. जुना धूर छातीत बसलेला होताच. डोळे निवळले, छाती निवळली नाही.

आमच्याकडे माणूस गेलं की घरच्या चुलीतला विस्तव मडक्यात घालून पुढे नेतात, त्यानंच अग्नी देतात. अंगणात सगळी तयारी झाली. मडकं आलं, गोवरी आली. आणि म्हाताऱ्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं. घरात विस्तवच नव्हता. ज्या घरातून सगळ्या गावानं विस्तव नेला, त्या घरात देवकाबाईसाठी निखारा नाही! कोणीतरी म्हणालं, माचिस आहे. मामांनी नुसती मान हलवली. गोवरी उचलली आणि अनवाणी रस्ता ओलांडून सखूबाईच्या दारात उभे राहिले. ज्या छतावर त्यांनी सगळ्यात जास्त वेळा बोट घासलं असेल ते हे छत.

"सखू," ते म्हणाले, "विस्तव दे वं."

मागे एक म्हातारा पुटपुटला की आपल्याकडच्या घरचा पाहिला असता. मामांनी वळूनही पाहिलं नाही. सखूबाईनं चुलीपुढची राख सारली, चांगले लाल निखारे निवडले आणि मडक्यात घातले. दोघंही रडत होती. मीही रडले.

पुन्हा सभा भरली तेव्हा मामा उभे राहिले आणि म्हणाले, "ठरावात एक गोठ राहिली होती माही. गल्लीत गॅस बसवा. पन एक विस्तव राहू द्या. माह्या आंगनात राहीन. मी राखीन. धूर होईन तो माह्या डोयात जाईन, तुमच्या नाई. ज्याले पाह्यजे त्यानं यावं."

पहिला हात सखूबाईचा. मग भिंतीजवळचे सगळे. ठराव झाला.

मामा तो घेऊन नागपूरला गेले. गळ्यात कवेलू होतंच. कायदा काही झाला नाही. ते पुढच्या वर्षी गेले, त्याच्या पुढच्याही. गल्लीचा गॅस मात्र बरेच खेटे मारून आला आणि चालला. सखूबाईची मोळी सुटली. माझी फुंकणी अडगळीत गेली.

अंगणातल्या विस्तवासाठी सुरुवातीला बाया येत, कोणी बाळंतिणीच्या शेकाला, कोणी धूप घालायला. पुढे त्या कमी झाल्या. सखूबाई येई, तीही खाणीतली पाळी बदलली की येत नसे. गॅस होता, माचिस होती, कोणाला सवड होती? मामा मात्र रोज सकाळी पडवीपुढे निखारा फुलवून बसत. धूर नेमका त्यांच्याच तोंडावर जाई. डोळे लाल झाले होते, अगदी देवकाबाईचे होते तसे. दोन पाट मांडलेले असत, एक त्यांचा आणि एक येईल त्याचा.

एका सकाळी मी शाळेत जायच्या आधी गोवरीचा तुकडा घेऊन त्यांच्या अंगणात गेले.

मामांनी मान वर केली. माझ्या घरातला गॅस त्यांनीच उभं राहून जोडून घेतला होता.

"काहून बाई, माचिस सरली?"

"सरली, मामा."

त्यांनी माझ्या हातातली गोवरी घेतली, निखाऱ्यावर ठेवली, आणि ज्या माणसाला उभ्या जन्मात कोणाच्या घरी बसायला वेळ नव्हता, तो हातानं पाट पुसत म्हणाला,

"विस्तव मंग नेजा. पयले बसा."