जगतापांचे तीन थेंब

"बरं वाटत नाही" असं कुणी म्हटलं की जगतापकाका आधी खांद्यावरचा टॉवेल पुढे करत. मसाल्याच्या जुन्या बाजारात भाव तोंडानं बोलायची पद्धत नव्हती. रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून तो ठरे. काकांनी चाळीस वर्षं एका वेलचीच्या दलालाकडे काढली. त्यामुळे औषध म्हणून द्यायच्या वेलचीच्या तेलाचे थेंब किती, हेही ते टॉवेलाखालीच सांगत. आम्हा बायकांचा हात धरणं बरं दिसत नाही, म्हणून आमच्यापुढे टॉवेल नुसता धरत आणि आकडा मोठ्यानं सांगत.

आकडा कायम तीनच असे.

नव्वदच्या दशकात बाजार मुंबईतून वाशीला आला. मागोमाग काका जुईनगरला, आमच्या बिल्डिंगच्या तळमजल्यावर आले. सामान म्हणजे एक पलंग, एक स्टोव्ह आणि वेलचीच्या तेलाच्या बाटल्यांचा खोका. "वाफेवर काढलेलं हाय, मॅडम. पोतंभर माल लागतो, तवा दोन-तीन बाटल्या भरत्यात."

रोज संध्याकाळी पाचला ते जिन्याशी स्टूल मांडत. खाली पणती, वर वाटीत पाणी, पाण्यात तेल. वास चौथ्या मजल्यापर्यंत जाई. येणारा-जाणारा घटकाभर थांबून हुंगे आणि घरी जाई. "मन हलकं हुतं," काका म्हणत. मळमळलं तर रुमालावर टाकून हुंगायचं, पोट फुगलं तर खोबरेलात मिसळून बेंबीभोवती चोळायचं. नुसतं कातडीला लावायचं नाही, पोटात तर मुळीच घ्यायचं नाही. मला यातलं निम्मं पटत नसे. पण माझ्या नणंदेला बस लागायची, ती रुमाल नाकाला धरून साताऱ्यापर्यंत धड गेली, हे खरं.

माणसांचीही ते प्रतवारी लावत. माझी मुलगी आठ नंबरची वेलची, हिरवी, टपोरी. तिसऱ्या मजल्यावरचे पाटकर फुटका माल. "बी हाय आत, पण वास उडालाय."

सोसायटीच्या सत्यनारायणाला शिरा माझ्याकडे होता. वेलची सोलत बसायला वेळ कुणाला? गुडघ्याला चोळायला काकांनी दिलेली बाटली कपाटात होती. चमचाभर ओतलं. प्रसाद टाकता येत नाही, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगनं तो डोळ्यांत पाणी आणून खाल्ला. भटजी दक्षिणा सोडून पाण्याच्या पिंपाकडे गेले.

मीटिंगमध्ये पाटकर कडाडले, "तेल घातलं कुणी?"

मी तोंड उघडायच्या आत काका उठले. "माझ्या हातनं सांडलं."

जिन्यात तेल आणि दिवा बंद, असा ठराव झाला. सेक्रेटरी मी, तो लिहिलाही मीच. गप्प बसले, हे कबूल करते.

दोन दिवसांनी नोटीस घेऊन काकांकडे गेले. पहिल्यांदाच आत पाय टाकला. आत कसलाच वास नव्हता.

"घरात नाही लावत?"

"एकट्याच्या नाकासाठी कशाला जाळायचं?"

"आणि मीटिंगमध्ये खोटं का बोललात?"

"सेक्रेटरीचा शब्द चालाय पायजे सोसायटीत. माझं काय जातंय?" मग जरा हसून म्हणाले, "खरं सांगू? दोन दिसात पाच जणं भांडाय आली. पाटकर दोनदा. च्या पिऊन गेला. दोन वर्सात एवढी माणसं उंबऱ्याच्या आत आली न्हवती."

मी नोटीस फाडली नाही. सोसायटीचा कागद आहे. तिच्याखाली लिहिलं, 'शिऱ्यात तेल मी घातलं. ठराव पुन्हा मांडावा.' सही केली आणि बोर्डवर लावून आले.

पाच वाजत आले होते. काका कोपऱ्यातल्या स्टुलाकडे नुसते बघत बसले होते.

"ठराव जिन्यापुरता आहे," मी म्हटलं. "पणती इथे पेटवा. दार उघडं ठेवा."

जिन्यात उभं राहून मी पाटकरांना हाक मारली. ते भांडायच्या तयारीनं उतरले, मागून त्यांची बायको, मग पहिल्या मजल्यावरचे दोघं. अर्ध्या तासात काकांच्या पलंगावर जागा उरली नाही. काकांकडे कप दोनच. ते पेल्यांतून चहा वाटत, टॉवेलनं हात पुसत नुसते आत-बाहेर करत होते.

मी वर जाऊन माझे चार कप आणून दिले. परत मागितले नाहीत.