मौन आणि बोंबील

निमेशने ठरवलं म्हणजे ठरवलं. या रविवारी घराचा उद्धार करायचाच! सरावलीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये सहकुटुंब साधना शिबिर. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत तो सेफ्टी बघायचा. कंपनीतल्या कामगारांना शिस्त लावली, तिथे घरच्या तीन बायकांचं काय घेऊन बसलात?

सकाळी सगळ्यांना चटयांवर बसवून त्याने वर्षाचं ध्येय विचारलं. लेक तेजल म्हणाली, मोबाइल कमी करीन. बायको हेमालीने जांभई दिली. "एक रविवार झोपू दे. बास."

निमेशचं ध्येय होतं गॅलरी. तिथे त्याला ध्यानाचा कोपरा करायचा होता आणि तिथेच त्याची आई पुष्पलता दोरीवर बोंबील वाळत घालायची. बाईचा जन्म सातपाटीत मासळी विकण्यात गेलेला. लेकाने फ्लॅटमध्ये आणलं, तर बोंबीलही मागोमाग आले. ध्यानाला बसलं की मन राहायचं बाजूला, नाकालाच समाधी लागायची.

"आये, तेवढी दोरी काढ ना."

"काढते. पन तुजं ते जेवनापर्यंतचं मौन हाय ना, ते पाळून दाखव. तोंड उघडलंस तर दोरी हाय तिथंच. पुन्यांदा नाव काढायचं नाय."

निमेश हसला. गप्प बसायला काय अक्कल लागते? उदबत्ती लागली, डोळे मिटले, चौघेही गप्प.

आता जेवायला होती शिबिराची सात्त्विक खिचडी. ती घशाखाली उतरावी म्हणून आईने बसण्याआधी चार बोंबील तव्यावर टाकले होते आणि गॅस बारीक करायचा राहून गेला होता. करपल्याचा वास चौघांनाही आला. पण बोलायचं कोणी? उठायलाही बंदी, खुद्द निमेशनेच घातलेली. मनातले विकार असेच बाहेर पडतात, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

विकार खिडकीतून भसाभस बाहेर पडले. शेजारच्या नागोरावने डोकावून पाहिलं, तर घरात धूर आणि चार माणसं ताठ, डोळे मिटून. हाका मारल्या, कोणी हूं की चूं करेना. बोईसरच्या माणसाला आणखी काय सांगावं लागतं?

"गॅस लीक!"

गेल्याच महिन्यात निमेशने बिल्डिंगला धडे दिले होते. माणूस ओ देत नसेल तर विचारत बसू नका, तोंडाला ओला फडका बांधा, त्याला उचला आणि मोकळ्यावर आणा. चेले गुरूपेक्षा सवाई निघाले. लोटलेलं दार ढकलून त्यांनी चौघांनाही चटईसकट खाली आवारात आणलं.

निमेशने ओठांवर बोट ठेवलं.

"गॅस तोंडावाटे गेलाय म्हणतायत साहेब," तळमजल्यावरच्या पंढरीने अर्थ लावला.

निमेशने दोन्ही हात जोरात हलवले.

"झटके यायलेत सायबाला, पाय धरा," म्हणत नागोरावने बादलीभर पाणी ओतलं.

घरच्यांकडून मदतीची आशाच नव्हती. तेजल ओढणीत तोंड खुपसून हसत होती. लोकांना वाटलं, पोर रडतेय बिचारी. हेमालीला उचलून सावलीत ठेवलं होतं, तिथे तिला गाढ झोप लागली. घरात एकटीचंच ध्येय पुरं झालं. आणि आई? देवळातल्या देवीसारखी ढिम्म.

निमेशने तरीही दात आवळून दोरीचा ध्यास धरला होता. तेवढ्यात पंढरी फोनवर कंपनीशी बोलताना ऐकू आला, "हो हो, तुमचेच निमेश साहेब. वाचा गेलीय. सायरन वाजवता? गाव रिकामं करतो मग."

निमेशने झडप घालून फोन हिसकावला.

"साहेब, कसला गॅस! बोंबील जळालेत, बोंबील!"

आईने एक डोळा उघडला.

"बोंबील गप पडलेलं तव्यावर," ती म्हणाली. "बोंबललास तू."

संध्याकाळी गॅलरीत निमेशची ओली चटई दोरीवर वाळत होती. आईने तिच्यासाठी चार बोंबील बाजूला सरकवले होते.