गेंड्याचे वकील

आमच्या सोसायटीच्या बैठकीत एकदा कुणीतरी चिडून अध्यक्षांना म्हणालं, "तुमची कातडी गेंड्याची आहे हो!" अध्यक्षांना सवय होती. ताडकन उठले ते मागच्या रांगेतले नाना.

"शब्द मागं घ्या."

"अहो नाना, तुम्हाला कुठं काय म्हटलं?"

"मला नाय, गेंड्याला म्हटलंत. त्याची कातडी जाड असती, पण लई हळवी. माशी चावली तरी कळतं त्याला, उन्हानं पोळतं. म्हणून तर बिचारा चिखलात लोळतो. अध्यक्षांचं काय ते तुमचं तुम्ही बघा."

बैठक तिथंच मोडली. पार्किंगचा प्रश्न अजून तसाच आहे.

नाना आमचे शेजारी, भिंतीला भिंत लागून. बँकेतून निवृत्त झालेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, एकुलती एक मुलगी मंजू लग्न होऊन परदेशी गेलेली. असा माणूस साधारणपणे गुडघे आणि राजकारण यांवर बोलतो. नाना काळ्या गेंड्यावर बोलतात. नुसत्या गेंड्यावर नाही. "तो आसामातला, एका शिंगाचा. आपला दोन शिंगांचा," असं ते सांगतात. आफ्रिकेतलं ते धूड नानांचं 'आपलं' कधी झालं, हे कॉलनीत कुणालाच माहीत नव्हतं.

नळाला पाणी यायच्या दिवशी आम्ही सगळे पाइप आणि बादल्या घेऊन धावत असतो. नाना त्या गडबडीत मला थांबवून म्हणायचे, "वहिनी, काळा म्हणतात, पण काळा नसतो बरं का! राखाडी असतो. ज्या मातीत लोळंल त्या मातीचा रंग." माझी टाकी तिकडे वाहून चाललेली असायची.

एकदा न्हाव्याच्या दुकानातून त्यांनी मूठभर कापलेले केस कागदात बांधून आणले. न्हावी ओरडत मागे आला होता, "नाना, बालां लेके क्या करते जी?" नानांनी पुडी माझ्यापुढे उघडली. "हे बघा, शिंग! आपले केस, आपली नखं ज्याची, त्याचंच ते बनलेलं असतंय. आन् तेवढ्यासाठी लोक त्याचा जीव घेतात. नखं खावीत की मग आपली!" बोलता बोलता त्यांचा आवाज चढला आणि डोळे भरले. मी हसायचं थांबले.

वरच्या ओठाचं प्रात्यक्षिक तर आख्ख्या गल्लीनं पाहिलंय. काळ्या गेंड्याचा वरचा ओठ टोकदार, बोटासारखा वळणारा. गवत नाही, झुडपाचा पाला खुडायला. हे दाखवायला नानांनी हात पाठीमागे बांधले आणि माझ्या कुंडीतला कढीपत्ता ओठानं ओढून खाल्ला. रोप अजून सावरलेलं नाही.

"पाहिलाय का हो कधी प्रत्यक्ष?" मी विचारलं.

"देव तरी कुठं पाहिलाय?" नाना म्हणाले.

पण खरे रंगायचे ते त्याच्या बाळंतपणावर. "पंधरा महिने पोटात बाळगती, वहिनी! त्याहून जास्तच. एकच पिल्लू. शिंग नाय, नाकावर नुसतं टेंगूळ. जन्मल्यावर थोड्या वेळात आपल्या पायावर उभं! आन् मग दोन-तीन वर्षं आईला सोडत नाय." इथे त्यांचा आवाज देवळात बोलल्यासारखा व्हायचा. "पांढऱ्या गेंड्याचं पिल्लू आईच्या पुढं चालतं. आपल्याचं मागं. कामून? आपला ऱ्हातो काटेरी झुडपात. आई पुढं घुसती, वाट करती. डोळ्यानं तिला धड दिसत नाय, पण कान मागं, पिल्लाकडं."

मी भाजी निवडत होते. हात थांबले. एवढं अवाढव्य जनावर काटे अंगावर घेत चाललंय आणि कान मागे लावलेत, हे चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलेना.

"आणि बाप काय करतो?" मी सहज विचारलं.

"बाप नसतो तिथं," नाना एवढंच म्हणाले आणि घरात गेले.

माझं काहीतरी चुकलं हे कळलं, काय ते कळेना. दोन दिवसांनी तेच सांगायला आले. मंजूला दिवस गेले होते. मंजू आफ्रिकेत, नैरोबीत आहे, हे मला तेव्हा कळलं. फोनवर तब्येत, पाऊस, जेवण झालं का, इतकं विचारून झालं की बापलेकीचं बोलणं संपायचं. आई होती तेव्हा दोघांमधलं बोलणं आईच करायची. मग एकदा मंजू जंगल बघून आली आणि काळ्या गेंड्याबद्दल तासभर बोलली. तेव्हापासून नाना दर रविवारच्या फोनसाठी गेंड्याची नवी माहिती शोधून ठेवत होते.

"पहिलं बाळंतपण म्हायेरी करायचं असतं न वहिनी? कन्नड गावची माझी बहीण म्हणती, घरात बाईमाणूस नाय, कोण करणार? मंजूपण म्हणती, बाबा, तुम्हाला नाय झेपायचं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही शिकवता का?"

मी शिकवलं. डिंकाचे लाडू पहिल्यांदा दगड झाले, दुसऱ्यांदा पीठ. बाळंतशेपा भाजताना घरभर धूर. आणि बाळाच्या अंघोळीची तालीम! न्हाणीत पाटावर पाय लांब करून बसलेले नाना, नडग्यांवर पालथा दुधी भोपळा, त्याला तिळाचं तेल. "मान धरा, नाना, मान!" मी ओरडायची, आणि नाना घाबरून देठ धरायचे. तो भोपळा मी व्हिडिओ कॉलवर मंजूला दाखवला. ती हसली, हसता हसता रडायला लागली आणि म्हणाली, "येते मी, बाबा."

सातव्या महिन्यात ती आली. चिकलठाण्याच्या विमानतळावर मीही गेले होते. दाराशी ही गर्दी, टॅक्सीवाले, अजिंठ्याच्या पाहुण्यांसाठी पाट्या धरलेले हॉटेलवाले. मंजू पोट सांभाळत बाहेर आली. नानांनी तिच्या दोन्ही बॅगा उचलल्या, मान खाली घातली आणि सरळ त्या घोळक्यात शिरले. "सरका! सरका!" एक पाटी पडली, कुणी शिवी दिली. नाना थांबले नाहीत. पाठीमागे त्यांचा शर्ट धरून मंजू.

जन्मात गेंडा न पाहिलेल्या त्या माणसाकडे मी बघतच राहिले.

"मागं आहेस न गं?" त्यांनी वळून न बघता विचारलं.

"आहे, बाबा. चला तुम्ही."