मंगळवारचा चोर

दर मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास मला एका चोराचा फोन येतो. चोर आमच्या समोरच्याच घरात राहतो. वय पंच्याहत्तरच्या आसपास, गुडघे दुखरे, बँकेतून निवृत्त. सगळी गल्ली त्याला नाना म्हणते.

नाना फोनला रुमाल लावतात, आवाज जाड करतात आणि हिंदीत सुरू होतात, "मॅडम, मैं हेड ऑफिस से बोल रहा हूँ. आपका एटीएम कार्ड आज रात को बंद होनेवाला शे." जन्म धुळ्याजवळच्या खेड्यातला. हिंदी कितीही घासूनपुसून घेतली तरी तळाशी अहिराणीतला 'शे' उरतोच.

फोनवरून लोकांना लुबाडणाऱ्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा देवपुरातल्या आमच्या गल्लीला नानांनी व्याख्यान दिलं नाही, तालीम सुरू केली. कोणी कार्डाचा नंबर किंवा ओटीपी सांगितला, की पाच मिनिटांत त्याच्या दारावर नानांची काठी वाजते आणि भर रस्त्यात शिकवणी होते. नंबर ओळखू येऊ नये म्हणून ते कधी दूधवाल्याच्या, कधी न्हाव्याच्या फोनवरून बोलतात. न्हावी सांगतो, एकदा अर्धी दाढी तशीच ठेवून नानांनी तीन घरं लुटायचा प्रयत्न केला.

एटीएममध्ये तर त्यांच्याबरोबर जाऊच नये. आपण पिन दाबायला लागलो, की नाना आपल्याकडे पाठ करून छत्री उघडतात आणि रांगेतल्यांकडे अशा नजरेने बघतात, जसं काही पाठीमागे बाईमाणूस नदीवर अंघोळ करतंय.

मी त्यांना हसते, पण हसायचा अधिकार मला फारसा नाही. बत्तीस वर्षांची होते तेव्हा मी पापडाचं यंत्र घ्यायला कर्ज मागायला त्यांच्या बँकेत गेले होते. लग्नातला शालू नेसून. केसांत गजरा, हातात ताटलीभर तळलेले उडदाचे पापड, आणि तोंडात आरशासमोर पाठ केलेलं एक इंग्रजी वाक्य. ते वाक्य मी चुकून शिपायालाच म्हणून टाकलं. नानांपर्यंत पोचेतो जवळ फक्त पापड उरले होते.

त्यांनी पापड खाल्ला. चांगला आहे म्हणाले. मग विचारलं, किलोमागे खर्च किती येतो? मी म्हटलं, ते माहीत नाही, पण चुलत सासूबाईंनासुद्धा आवडतात. त्यांनी पुढे विचारलं, या सगळ्यात तुमचा पगार किती धरला? मी ठसक्यात सांगितलं की घरच्या बाईला कसला आलाय पगार.

"मग हा धंदा नाही, बाई. हे हळदीकुंकू आहे."

कर्ज मिळालं नाही. गृहपाठ मिळाला. घरखर्चाचं खातं वेगळं, पापडाचं वेगळं, आणि पापडाच्या खात्यातून दर महिन्याला स्वतःला पगार, मग तो कितीका छोटा असेना. खात्याला ते डबा म्हणत. "बठ्ठा पैसा एका डब्यात कोंबू नका. कुजतो." परतताना पांझरा नदीच्या पुलापर्यंत मी त्यांना ज्या शिव्या दिल्या, त्या माझ्या नशिराबादच्या माहेरीसुद्धा चारचौघांत देत नाहीत. शालू तर घामाने असा भिजला की सासूबाईंना वाटलं, सूनबाई नदीत पडून आली.

पण पगार सुरू केला. सहा महिन्यांनी त्यांनी मला स्वतःहून बोलावून कर्ज दिलं. त्या पगारातून लेकीचं शिक्षण झालं, ह्यांच्या आजारपणात कोणापुढे हात पसरावा लागला नाही, आणि आज माझ्याकडे पापड लाटणाऱ्या प्रत्येक बाईची मजुरी तिच्या स्वतःच्या खात्यात पडते. पुढे नाना समोरच राहायला आले, हा माझ्या नशिबाचा वरचा पापड.

तर अशा माणसाने चोर बनून फोन केला, तर मी तो कापणार कसा? मी विचारायचे, "काय चोरभाऊ, जेवलात का?" चोर क्षणभर अडखळायचा. मग रुमाल काढून सांगायचा की वरणभात केला होता, मुलाचा पुण्याहून फोन आला नाही, आणि मुदत ठेवीचे दर काही खरे नाहीत. अर्धा तास सहज जायचा.

गेल्या उन्हाळ्यात, मंगळवारीच, चारच्या सुमारास फोन आला. अनोळखी नंबर. "मॅडम, आपका केवायसी अपडेट नहीं है. कार्ड बंद हो जाएगा." मी म्हटलं, वा, हिंदी सुधारली. "आज शे कुठे गेला?" पलीकडचा म्हणाला, "जी?"

त्या आठवड्यात नाना सर्दीने हैराण होते. माझ्या मनात आलं, आज म्हाताऱ्याला जिंकू द्यावं. येऊन रागावतील, काठी आपटतील, जरा तरतरी येईल. म्हणून मी पापडाच्या खात्याचं कार्ड काढलं आणि नंबर वाचून दाखवला. शनिवारी बायकांना द्यायची मजुरी त्याच खात्यात होती. ओटीपी आला. चष्मा शोधला, आणि एकेक आकडा लाडालाडाने सांगायला लागले.

चार आकडे झाले आणि सहज खिडकीबाहेर लक्ष गेलं. खाली हातगाडीपाशी नाना उभे. भरताचं वांगं उचलून कानाशी धरून वाजवत होते आणि भाजीवालीशी हुज्जत घालत होते. एक नाना खाली वांगं निवडत होते, एक नाना माझ्या कानात म्हणत होते, "आगे बोलिए मॅडम."

मी खिडकीतून चष्म्याचं घर खाली फेकलं. नानांनी वर पाहिलं, आणि ते दुखरे गुडघे जिना कसे चढले ते त्यांनाच ठाऊक. हातात वांगं तसंच. त्यांनी फोन कापला, कार्डामागचा नंबर फिरवला, कार्ड बंद करवलं, खात्यातली शिल्लक दोनदा विचारून घेतली. मजुरी जागेवर होती.

मी ओरडा खायला तयार होऊन बसले. नाना सोफ्यावर टेकले, वांगं मांडीवर ठेवलं.

"अक्का, चूक मनी शे. चोराशी गोड बोलायची सवय तुम्हाला मीच लावली."

त्यानंतर दोन मंगळवार फोन आला नाही. मी शेजारच्या शमीमभाभींना विचारलं. त्या कपडे शिवतात आणि त्यांनाही नानांचे फोन असतात. तुमच्याशी नाना किती वेळ बोलतात हो? भाभी म्हणाल्या, "बोलतात कुठे? त्यांनीच शिकवलंय, ऐकायचंच नाही, कापायचं. मी 'मॅडम' ऐकलं की कापते. सगळेच कापतात." मग अभिमानाने म्हणाल्या की नानांनी सगळ्यांना पास केलंय. गल्लीभर एक मीच नापास होते.

तिसऱ्या मंगळवारी फोन वाजला. या वेळी नानांनी कोणाचा फोन मागून घेतला नव्हता, पडद्यावर त्यांचंच नाव होतं. "मॅडम, मैं हेड ऑफिस…" माझ्या जिभेवर 'जेवलात का' आलं होतं. ते गिळलं आणि फोन कापला.

खिडकीतून समोरचा ओटा दिसतो. नानांनी फोनकडे पाहिलं, समाधानाने मान हलवली. मग फोन खिशात ठेवला, चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. पुढे करण्यासारखं त्यांच्याजवळ काही दिसेना.

मी चपला सरकवल्या आणि रस्ता ओलांडला. मला बघून नाना गडबडून उठले. खात्यात काही घोटाळा झाला का, बँकेतून फोन आला का, कोणाचं कर्ज अडलंय का, एका दमात सगळं विचारून झालं.

"काही काम नाही, नाना. बसायला आले."

त्यांनी समोरच्या खुर्चीकडे पाहिलं. तिच्यावर जुन्या वर्तमानपत्रांची चळत होती, हाताएवढी उंच. मी मदत करू का म्हटलं, तर नको म्हणाले. एकेक गठ्ठा उचलून ते आत नेऊन ठेवत राहिले, आणि दर खेपेला बाहेर येऊन मी अजून उभी आहे ना, ते बघत राहिले.