सहा किलोमीटर, बारा हजार माणसं

चालणं ही दोन पायांनी करायची क्रिया आहे आणि तिला कुणाची परवानगी लागत नाही, असा आमच्या इमारतीतल्या लोकांचा बरीच वर्षं समज होता. तो कसा दूर झाला, हे पदयात्रा समितीचा सचिव या नात्याने लिहून ठेवणं माझं कर्तव्य आहे.

आमच्या वरच्या मजल्यावर मीटरभाऊ राहतात. पाणीखात्यात त्यांनी एकतीस वर्षं घरोघरचे मीटर वाचले. बाकीचे लोक शहर पुढून बघतात, मीटरभाऊंनी ते मागून पाहिलं: जिन्याखालून, मोरीच्या बाजूने, कुत्र्यापासून दोन हात लांब राहून. त्यांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, शहर पुढूनही पाहिलं नव्हतं आणि मागूनही नाही. घर, बाजार, शाळा, दवाखाना एवढा त्यांचा नकाशा. आमच्या इमारतीमागून एक ओढा वाहतो. त्याच्यावरच्या गॅलरीत चाळीस वर्षं कपडे वाळत घालता घालता वहिनींना एकच प्रश्न पडत असे, की हे पाणी जातं कुठे. नवरा पाणीखात्यातला, त्यामुळे उत्तर घरात होतं, पण ते देण्याऐवजी मीटरभाऊ म्हणाले होते, "रिटायर झालो की दाखवतो."

माणूस शब्दाला जागला. निवृत्त झाल्यावर दरवर्षी एका रविवारी ते आणि वहिनी ओढ्याकाठाने निघू लागले. सोबत इमारतीतली आम्ही चार-पाच रिकामटेकडी मंडळी. नियम असा काहीच नव्हता. मागच्या वर्षी जिथे थांबलो तिथवर बसने जायचं आणि तिथून पुढे पायी. कुणाच्या तरी परसातून, गॅरेजमधून, एकदा तर एका लग्नघराच्या स्वयंपाकघरातून आम्ही गेलो, आणि तिथल्या लोकांनी आम्हाला मुलाकडचे समजून पाणी दिलं. अकरा वर्षांत आम्ही सहा-सातांचे एकोणीस झालो आणि ओढ्याकाठाने एका मोठ्या मैदानापर्यंत पोचलो. आता शेवटचा तुकडा उरला होता. मैदानापासून समुद्र सहा किलोमीटर.

त्याच वर्षी वहिनींच्या गुडघ्यांनी असहकार पुकारला. डॉक्टरांनी शस्त्रक्रियेची तारीख दिली, ती नेमकी पदयात्रेनंतरच्या गुरुवारची. नंतर घरातल्या घरात छान चालाल, असं ते म्हणाले. सहा किलोमीटरचं विचारल्यावर त्यांनी चष्मा पुसायला घेतला. त्यामुळे जे काही बघायचं ते याच रविवारी, हे वहिनींनी मनाशी पक्कं केलं.

अडचण एवढीच होती की ओढा समुद्राला मिळतो तो गोदीच्या आवारात, आणि गोदीला फाटक आहे. मीटरभाऊ माझ्याकडे आले. मी नोंदणी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेलो. "एक अर्ज तेवढा खरडून दे," ते म्हणाले.

सगळं माझ्यापासून सुरू झालं, हे मी नाकारत नाही. माझ्या हाताला अर्ज लिहायचं सुख तीन वर्षं मिळालं नव्हतं. मी चार पानी अर्ज लिहिला, सोबत नकाशा जोडला, नकाशाची दुसरी प्रत जोडली आणि प्रत मूळ नकाशाबरहुकूम असल्याचा दाखलाही जोडला. आमची ही म्हणाली, "फाटकावरच्या रखवालदाराला नुसतं विचारलं असतं तर त्याने सोडलं असतं." बायकांना कार्यालयीन पद्धती कळत नाहीत, असं मी तेव्हा म्हणालो होतो.

गोदी कार्यालयाने अर्जाचं स्वागत केलं. फक्त फाटक खासगी व्यक्तींसाठी उघडत नाही, नोंदणीकृत संस्थेसाठी उघडतं, असं कळवलं. म्हणून आम्ही संस्था नोंदवली. संस्थेला अध्यक्ष लागतो, म्हणून कोपऱ्यावरच्या दातांच्या डॉक्टरांना केलं, कारण सभेला पुरतील एवढ्या खुर्च्या त्यांच्याच दवाखान्यात होत्या. मग कार्यालयाने कळवलं की संस्थेसाठी फाटक उघडायचं तर किमान पाचशे माणसं हवीत, एकोणीस माणसांसाठी बिजागऱ्यांना त्रास देता येणार नाही. तेव्हा डॉक्टरांनी आपल्या जावयाला बोलावलं. जावई समारंभ भरवण्याच्या धंद्यात होता. त्याने 'शहर पायी पाहू' असं नाव ठेवलं, टी-शर्ट काढला, मेडल काढलं आणि मेडल गळ्यात घातलेल्या एका हसऱ्या कुटुंबाचं चित्र सगळ्या शहराच्या फोनवर सोडलं. पंधरा दिवसांत बारा हजार नावं आली. शहर बघायचं आहे असं त्यांपैकी कुणीच लिहिलं नव्हतं, पण टी-शर्टचं माप सगळ्यांनी लिहिलं होतं.

बारा हजार म्हटल्यावर वाहतूक खातं जागं झालं. तिथल्या साहेबांनी आम्हाला बसवून घेतलं आणि समजावून सांगितलं. पदपथ अरुंद, म्हणून एकेरी रांग. धक्काबुक्की नको, म्हणून दोन माणसांत अर्धा मीटर अंतर. साहेबांनी गणकयंत्रावर बारा हजारांना अर्ध्याने गुणलं आणि यंत्र आमच्याकडे फिरवलं. रांग सहा किलोमीटरची होत होती. रस्ताही सहा किलोमीटरचाच होता.

म्हणजे पहिला माणूस समुद्रावर पोचेल तेव्हा शेवटचा मैदानातून पाऊल उचलणार. तोवर वाटेतले नऊ चौक अडून राहणार. साहेब म्हणाले, हे होणे नाही. जावयाचा चेहरा उतरला. मीटरभाऊ शेवटच्या खुर्चीवर बसून माझ्याकडे बघत होते.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. नोकरीत असताना सुचली असती तर बढती मिळाली असती. मी म्हणालो, "साहेब, रांग रस्त्याएवढीच आहे ना? मग लोकांनी चालायचं कशाला? प्रत्येकाला आपापल्या जागी नेऊन उभं करू. चौकांपुरती रांग तोडू. एक टोक मैदानात, एक टोक समुद्रावर. रांग लागली की पदयात्रा पोचली."

साहेबांनी उठून माझा हात हातात घेतला. एवढ्या वर्षांत रस्त्यावर काहीही न घडण्याची परवानगी मागणारा पहिलाच अर्ज आलाय, असं ते म्हणाले आणि त्यांनी जागेवर शिक्का मारला. बाहेर आल्यावर जावई मला सारखा 'सर' म्हणत होता. मीटरभाऊ मात्र एकटेच पायी घरी निघून गेले.

पुढची व्यवस्था चोख झाली. बारा हजार माणसांना जागेवर सोडायला दोनशे चाळीस बस ठरल्या. काही लोकांची जागा त्यांच्या घरासमोरच येत होती आणि ते परस्पर येऊन उभे राहतो म्हणाले. त्यांना परवानगी नाकारली, कारण पदयात्रेआधी अनधिकृत चालणं झालं असतं. त्यांनी मैदानावर यायचं आणि बसने परत घरासमोर यायचं, असं ठरलं. पायी येणाऱ्यांसाठी मैदानाला प्रवेशद्वार ठेवायचं राहूनच गेलं, पण तशी तक्रार कुणी केली नाही.

वहिनींना सात हजार तीनशे अठरावा क्रमांक आला, मीटरभाऊंना त्याच्या पुढचा. यंत्राने काढलेले. ही जागा एका टायरच्या दुकानासमोर होती आणि तिथून समुद्र सव्वादोन किलोमीटरवर. समुद्राकाठचे पाचशे क्रमांक निमंत्रितांसाठी राखून ठेवले होते. मीटरभाऊंनी मला जिन्यात गाठून विचारलं, काही करता येईल का. मी अध्यक्षांकडे शब्द टाकला. डॉक्टर म्हणाले, नियम सर्वांना सारखा. हे सांगताना ते निमंत्रितांच्या यादीत आपल्या साडूचं नाव लिहीत होते.

वरच्या मजल्यावर जाऊन मी वहिनींची समजूत घातली. "हे बघा वहिनी, रांग एकच आहे. तुम्ही रांगेत आहात. रांग समुद्राला पोचली, म्हणजे तुम्ही पोचलातच की."

वहिनी गुडघ्याला तेल लावत होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "असं म्हणता? मग भाऊजी, गुरुवारी दवाखान्यातही रांग असेल. पहिल्या नंबरच्या बाईचं ऑपरेशन झालं की माझंही झालं असं धरू या."

मला हसू आलं आणि लाजही वाटली, पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली होती.

रविवारी सकाळी साडेसात वाजता रांग लागली. मी सचिव, म्हणून मला उघडी जीप आणि कर्णा. रांगेच्या कडेने मी मैदानाकडून समुद्राकडे पाहणी करत निघालो. डॉक्टरांनी समुद्रावर फीत कापली, शिट्टी वाजली आणि बारा हजार माणसं सात मिनिटं शिस्तीत उभी राहिली. तक्रार एकच आली. लोकांच्या फोनवर पावलांचा आकडा शून्य दाखवत होता. जावयाने ध्वनिक्षेपकावरून फोन हातात धरून हलवायला सांगितलं. सहा किलोमीटरपर्यंत माणसं जागच्या जागी उभी राहून फोन हलवू लागली. पाच मिनिटांत कुणी चार हजार पावलं चाललं, कुणी सहा हजार. एका आजोबांचा हात दुखावला, त्यांना प्रथमोपचार दिले.

मेडलं गाडीतून वाटली जाणार होती आणि गाडी समुद्राकडून येत होती. मेडल मिळेपर्यंत जागा सोडायची नाही, एवढी एकच सूचना होती. ती बारा हजारांपैकी अकरा हजार नऊशे अठ्ठ्याण्णव लोकांनी पाळली.

टायरच्या दुकानाच्या थोडं पुढे मला मीटरभाऊ आणि वहिनी दिसले. ते चालत होते. वहिनींच्या एका हातात काठी होती, दुसरा हात नवऱ्याच्या खांद्यावर. त्यांच्या मागून शिट्टी वाजवत एक स्वयंसेविका येत होत्या. या स्वयंसेविका कॉलेजात नागरिकशास्त्र शिकवतात. त्या मला म्हणाल्या की या बाई चालतायत, आणि का म्हणून विचारलं तर समुद्र बघायचाय म्हणतात.

मी कर्णा खाली ठेवला. "वहिनी, जागेवर चला. सगळे बघतायत."

"बघू द्या की," वहिनी म्हणाल्या. "त्यांना दुसरं काय बघायला ठेवलंय तुम्ही?" दोन पावलं जाऊन त्या थांबल्या. जरा धापा टाकत होत्या. "भाऊजी, उतरा ना खाली. अकरा वर्षं बरोबर आलात. दोन किलोमीटरसाठी कशाला मागे राहता?"

मला उतरायचं होतं, हे मी शपथेवर सांगतो. एक पाय मी खाली टाकलाही होता. पण माझ्या छातीवर बिल्ला होता, हातात बारा हजारांची यादी होती, आणि सचिवाने वाहन सोडू नये हा नियम खुद्द मीच लिहिलेला होता. मी पाय वर घेतला. ते दोघं पुढे गेले. रांगेतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाईलवर चित्रण केलं, एक बाई तर डोळे पुसत होत्या. पण जागा कुणी सोडली नाही, कारण मेडलची गाडी अजून यायची होती.

फाटकावर काय झालं ते मला नंतर रखवालदाराकडून कळलं. रांगेत उभे असलेल्यांचं काय करायचं, निमंत्रितांच्या गाड्यांचं काय करायचं, याच्या त्याला तीन पानी सूचना होत्या. कुणी चालत आलं तर काय करायचं, याबद्दल एक ओळही नव्हती. मनाईच नाही म्हटल्यावर त्याने दोघांना सोडलं. वर बसायला आपलं स्टूल दिलं.

सोमवारी समितीची तातडीची सभा झाली. क्रमांक ७३१८ आणि ७३१९ या जागा रिकाम्या राहिल्यामुळे सलग रांगेचा दावा एका मीटरने अपुरा पडला, असं निदर्शनास आलं. दोघांना कायमचं बाद करण्यात आलं. कारणाच्या रकान्यात 'पदयात्रेदरम्यान चालणे' असं लिहायचं ठरलं. पत्राचा मसुदा माझा, सही माझी. पुढच्या आठवड्यात ते पोचवायलाही मीच गेलो. एकच मजला वर जायचं होतं, लिफ्टने गेलो.

वहिनींची शस्त्रक्रिया नीट झाली होती. पाय स्टुलावर ठेवून त्या बसल्या होत्या. त्यांनी पत्र दोनदा वाचलं आणि मीटरभाऊंना ते चौकटीत बसवून आणायला सांगितलं. माझ्यावर त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. निघताना न राहवून मी विचारलं, "वहिनी, ते पाणी समुद्राला मिळतं तिथे नेमकं आहे काय?"

त्या म्हणाल्या, "मैदानापासून दोन तास लागतात, भाऊजी. जाऊन या."

या गोष्टीला सात महिने झाले. सचिव म्हणून गोदीचा कायमचा परवाना माझ्या खिशात आहे. जाणार आहेच. सध्या मात्र समितीच्या कामातून मान वर करायला फुरसत नाही, कारण यंदा वीस हजार नावं आली आहेत आणि रस्ता सहाच किलोमीटरचा आहे. जास्तीच्या आठ हजारांनी आपापल्या घरीच थांबून सहभागी व्हावं, त्यांना मेडल घरपोच मिळेल, असा ठराव एकमताने मंजूर झाला. घरी थांबणारे लोक भरवशाचे हवेत. मध्येच उठून चालू लागणारे नकोत.

म्हणून त्यांची निवड करण्यासाठी मी हा वृत्तांत लिहिला. सगळं कळूनसुद्धा, वहिनींची बाजू मनोमन पटूनसुद्धा, तुम्ही जागचे न हलता तो शेवटपर्यंत वाचलात. तुमचं नाव यादीत घेतलं आहे. टी-शर्टचं माप तेवढं कळवा.